चालक बसले, वाहक चालले

‘दहा हजार पावलां’चा गाजावाजा करणाऱ्या किती जणांना ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डॉ. जेरी मॉरिस ठाऊक असतील? लंडनच्या दुमजली बसमधले चालक दिवसभर बसून असत, वाहक सतत जिना चढत-उतरत. चालकांना हृदयविकार जास्त होतो, हे मॉरिस यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. टपाल खात्यातही तसंच दिसलं: पत्रं वाटणारे पोस्टमन बैठं काम करणाऱ्यांपेक्षा सुरक्षित. मुळात स्थूल माणसंच चालक होत असतील, या शंकेपायी त्यांनी गणवेशाच्या पँटची कंबरेची मापंही तपासली! (असा चिवट संशोधक विरळाच.) ते स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले. आपल्या एसटी आणि बेस्टच्या चालकांची अशी दीर्घकालीन पाहणी वैद्यकीय महाविद्यालयांनी हाती घ्यावी.

– एक वाचक, नाशिक