सकाळी तिखटमिठाचं काही खा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

देवगडहून परत आल्यापासून एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते. बाबा, तुम्ही पडवीत पेटीत गवत पसरत होतात आणि साडेदहाच्या सुमाराला तुमचा हात थरथरायला लागला. आंबा हातातून सुटला. कपाळावर घाम. सकाळपासून पोटात काय होतं? मधुमेहाची गोळी, दोन कप गोड चहा आणि चार टोस्ट.

मैदा आणि साखर भराभर रक्तात उतरते, तशीच ओसरतेही. मग अंगातलं त्राण जातं, पुन्हा चहा हवासा वाटतो. दोन कपांत चार चमचे म्हणजे १६ ते २० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. तुमची बरीचशी सातलाच संपते.

आजीच्या वेळी आपल्याकडे टोस्ट होते कुठे? उकड्या तांदळाची पेज, नाहीतर घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. घावणे दोनच घ्या, वाटी उसळीची भरा, कारण नुसता तांदूळ शेवटी तांदूळच. कडधान्यातली प्रथिनं आणि चोथा यांमुळे साखर सावकाश चढते, दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. कधी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. शंभर ग्रॅम कुळथात वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. कुळीथ उष्ण पडतो म्हणाल, पण आता पाऊस लागलाय. कंटाळा आला तर दोन अंडी उकडा. फक्त लोणचं-पापड बेताने, तुमचं बीपी आहे.

गोळीचा डोस मात्र स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना ही थरथर सांगा. पुन्हा तसं झालं तर मशीनवर रक्तातली साखर बघा, ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी घ्या. तेव्हा साखर हवीच.

आई, तू पूजा आटपून अकराला उरलंसुरलं खातेस, ते मला अजिबात आवडत नाही. बाबांच्या ताटाशेजारी तुझंही ताट मांड. बिडाचा तवा माळ्यावर आहे, दादाला उतरवून द्यायला सांगितलंय. आज रात्रीच मूठभर वाटाणे भिजत घाल. उद्या आठ वाजता फोन करते, तेव्हा तव्यावरचा चर्र आवाज मला ऐकू यायला हवा.

तुमची,
मनू