नेट गेलं की आधी काय बघायचं

प्रिय निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा बोलता बोलता कॉल बंद झाला आणि मागून तुझा मेसेज आला, "नेट गेलं." गेलं असेल. आत्या म्हणाली, आता उगाच खोदून विचारत बसू नकोस. म्हणून रिपोर्टचं मी विचारत नाहीये. नेटचं तेवढं नीट लिहून पाठवते, कारण फोनवर सांगायला लागलं की "राऊटर बंद-चालू केला गं" म्हणून तू मोकळा होतोस.

बंद-चालू करायचीही रीत असते. फायबरचा डबा आणि राऊटर वेगळे असतील तर दोन्हींचे प्लग काढ आणि मिनिटभर तसेच राहू दे. मग आधी फायबरचा डबा लाव. त्यावरचा 'पॉन' लिहिलेला दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की राऊटर लाव, त्याला दोन-तीन मिनिटं दे. कंप्युटर सगळ्यात शेवटी. 'एलओएस'चा दिवा लाल असेल, तर तुझ्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. अशा वेळी सेटिंगमध्ये शिरू नकोस. फायबर टेबलाच्या पायाखाली चेंगरलीय का, काटकोनात दुमडलीय का, तिचं टोक डब्यात सैल बसलंय का, एवढं बघ आणि तक्रार नोंदव. सुटलेल्या टोकात डोकवायचं नाही. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

लहानपणी या दिव्यांना तू नावं दिली होतीस. लाल लागला की "मंगळ चिडला" म्हणून स्टुलावर चढायचास. आजीची पिन रिसेटच्या भोकात घातलीस तो दिवस तुला आठवत नसेल, दादाला चांगला आठवतो. अजूनही ते भोक सोडून दे. १० सेकंद दाबून धरलं की वायफायचं नाव-पासवर्ड तर जातंच, शिवाय नेटच्या कंपनीने आत भरलेलं युजरनेम असेल तर तेही पुसलं जातं.

दिवे ठीक दिसले, तर मोबाइल डेटा बंद करून फोनवर त्याच वायफायवरून काही उघडून बघ. डेटा बंद करायचाच, नाहीतर फोन गुपचूप त्यावर चालतो आणि आपण फसतो. फोनवर चालतंय म्हणजे दोष बहुधा कंप्युटरमध्ये. चालो न चालो, कंप्युटरवर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघड आणि 'आयपीकॉन्फिग' दे. आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही, कंप्युटरने स्वतःच एक घेतलाय. 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज', मग 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू'. पत्ता बरोबर असेल तर 'डिफॉल्ट गेटवे'समोरचा आकडा, म्हणजे राऊटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ सारखा असतो, तो पिंग कर, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते तपास. उत्तर आलं तर ८.८.८.८, म्हणजे बाहेरचा गूगलचा सर्व्हर, पिंग कर. गेटवेपाशीच अडलं तर दोष घरातला, वायफाय किंवा वायर. फोनवरही चालत नसेल, गेटवे उत्तर देतोय आणि ८.८.८.८ देत नाही, तर गडबड बहुधा राऊटरच्या पलीकडे. दोन्ही चालतात पण साइटच्या नावाने काही उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस' दे, नाही भागलं तर डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भर. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी, म्हणजे नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवणारी सोय, चालू राहिलाय का तेही बघ. सगळ्याच साइट सुरक्षित नसल्याच्या सूचना येत असतील तर घड्याळ बघ. तारीख मागे गेली की असं होतं, आणि जुन्या डेस्कटॉपमध्ये त्याचं कारण सहसा आतला सीआर२०३२ सेल.

आता कॉलचं. साइट झटपट उघडतात आणि व्हिडिओ तेवढा अडखळतो, तेव्हा बहुधा अपलोडची, म्हणजे आपल्याकडून बाहेर पाठवायची, वाट भरलेली असते. फोटोंचा बॅकअप मागे चालू असेल, कॉलच्या वेळी थांबव. 'पिंग मायनस टी ८.८.८.८' चालू ठेवून बघ: एरवी २०-३० मिलिसेकंद येतं, ते बॅकअप सुरू झाल्यावर ३००-४०० वर गेलं तर चोर सापडला. वायफाय २.४वर असेल तर ५ गिगाहर्ट्झवर ये. २.४ भिंतींतून लांब जातं, पण शेजारपाजारचे राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळी गर्दी तिथेच. ५ला वेग असतो, भिंत मात्र सोसत नाही.

आणि नेट खरंच गेलं की चित्र आधी गोठतं. आवाज तुटतो, 'रिकनेक्टिंग' येतं, काही सेकंद तसेच जातात आणि मग कॉल पडतो. राऊटरचा प्लग उपटला तरी समोरच्याला असंच दिसतं, कारण मी चाललो हे कळवायलाही वाट उरलेली नसते. लाल बटण दाबलं तर तो निरोप पोचतो आणि कॉल तिथल्या तिथे मिटतो. परवा मी "रिपोर्ट आले का" म्हटलं आणि तिथल्या तिथे मिटला. असो.

पकडायला लिहीत नाहीये. तू मोठा आहेस, तुझ्या सर्व्हरच्या कामाचं मामा चारचौघांत सांगत सुटतो, मीही सांगते, फक्त तुझ्यासमोर नाही. पण त्याच माणसाला एका कागदावर काय लिहिलंय ते उघडून बघवत नाही? एरर आली की आधी लॉग वाच, हे तूच ज्युनिअर मुलांना सांगतोस ना? न बघितल्याने आत जे आहे ते बदलतं का? अण्णांनीही असंच आज-उद्या केलं होतं.

झालं, सुरू झालं माझं. माफ कर. अण्णांचं काढायला नको होतं, तुझं नि त्यांचं काही सारखं नाही.

वायरचं राहिलं. शक्य तर कॉलसाठी वायरच वापर, कॅट ५ई पुरे. लावल्यावर लिंक स्पीड बघ. दोन्ही बाजूंचे पोर्ट गिगाबिटचे असून १००० ऐवजी १०० दिसलं, तर केबलमधली एखादी जोडी तुटलीय किंवा पिन नीट टेकत नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० दोनांवर भागवतं, म्हणून नेट चालतंय असं वाटत राहतं आणि कोणी केबलकडे बघत नाही. क्लिप तुटलेली केबल टाकून दे. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर वायफाय हरवत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला तो बंद करू देणारी खूण काढ.

इतकं करून अडलंच तर 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' आणि 'ट्रेसर्ट ८.८.८.८'चा फोटो पाठव, मी बघते. त्यासोबत दुसरा कुठला फोटो पाठवावासा वाटला तर तोही पाठव. रात्री कितीही वाजता.

तुझी
आई

ता.क. राऊटर आपोआप बंद-चालू होत असेल तर त्याचा अडॅप्टर तपास. बदलायचा झाला तर व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, १२ तर १२च. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. पिनची धन-ऋण बाजूही जुन्याशी जुळवून घे. आणि रिपोर्ट आले नसतील तर "आले नाहीत" एवढंच लिही.