बाई, आता पहिले दहा थ्रो मोजतो

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर काल मुली पहिल्यांदा मैदानावर उतरल्या. एकच स्टंप रोवला, चेंडू वाटेल तिकडे ढकलत गेलो आणि थ्रो मागितले. इतके दिवस कुणी चेंडूला हात लावलेला नव्हता, तरी बऱ्याच जणींचे थ्रो स्टंपच्या आसपासच येत होते. घरी येऊन लगेच लिहायला बसलो. हे चारचौघांनी वाचावं असंही वाटलं.

गेल्या वर्षी मी एकेकीला कव्हरला उभं करून पन्नास-पन्नास थ्रो करून घ्यायचो. तिसाव्या थ्रोनंतर स्टंप धडाधड उडायचा आणि मी खूश व्हायचो. सामन्यात मात्र तीच मुलगी मिडविकेटवरून धावत चेंडू उचलायची नि विकेटकीपरच्या डोक्यावरून फेकायची. मी तिलाच ओरडायचो. त्याचं आजही वाईट वाटतं.

तुम्ही दोन संध्याकाळ बांधावर बसून नुसतं पाहिलंत. मग विचारलंत, "सामन्यात एकाच जागेवरून लागोपाठ दोन थ्रो कधी येतात रे?"

तुम्ही चुन्यानं पाच खुणा केल्यात. एका खुणेवरून सलग दोनदा फेकायचं नाही. पन्नास थ्रो एका दिवसात न उरकता आठवडाभर वाटायचे. नवी मुलगी असेल तर कोपर नीट वर येईपर्यंत तेवढी एकाच जागी. जागा बदलली की हाताला दर वेळी अंतर नव्यानं जोखावं लागतं, नाहीतर तो मागच्याच फेकीची नक्कल करतो, हे तुम्ही समजावलंत. 1978 चा केर आणि बूथ या संशोधकांचा प्रयोगही सांगितलात: दोन आणि चार फुटांवरून निशाण्यावर छोट्या पिशव्या फेकण्याचा सराव केलेली आठ वर्षांची मुलं तीन फुटांच्या चाचणीत, तीन फुटांवरच सराव केलेल्यांपेक्षा सरस ठरली.

पहिले तीन आठवडे स्टंप जवळपास लागतच नव्हता. पालक कुरकुरायला लागले, माझाही धीर सुटला. त्या दिवसांत दर रविवारी तुमचा फोन यायचा. "आज किती लागले ते सोड. आठवड्यानं मैदानात आल्यावर पहिल्या दहांत किती लागतात ते लिहून ठेव." ती वही अजून चालू आहे.

काल संघातली धाकटी थ्रो करून वळली आणि म्हणाली, "सर, आता कुठून?" बाई, हे ऐकायला तुम्ही बांधावर हव्या होतात. चुन्याच्या खुणा पावसात पुसल्यात, त्या पुन्हा करायला याल ना?

तुमचा विद्यार्थी आणि या मुलींचा क्रीडाशिक्षक