आधीच कापलेल्या हेरल्ड गाडीचं काय करायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो आले, ते आवडले. पण त्यावर नंतर एका वाचकाचं पत्र छापून आलं की ज्यांची बॉडी बदललीय असल्या गाड्यांना रॅलीत उभंच करू नये. ते दोन दिवस डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय, कारण माझ्याकडं तशीच एक गाडी आहे.

१९६७ ची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड. २०११ मध्ये मिरजेजवळच्या एका बंद गुऱ्हाळातनं आणली. हेरल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, १९५९ ला आली, डिझाइन इटलीच्या मिकेलॉट्टीचं, आणि आपल्याकडं ती स्टँडर्ड या नावानं मद्रासला बनायची. लोक तिला घरगुती गाडी म्हणून ओळखतात, पण हिचीच चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. हेरल्डच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ९१.५ इंच, स्पिटफायरचं ८३. मडगार्डसकट अख्खं बॉनेट पुढं उघडायची पद्धत दोघींची सारखीच. त्यामुळं आपल्याकडं ज्यांना स्पोर्ट्स कारची हौस होती पण आणायची ऐपत नव्हती त्यांच्या हातात हेरल्ड पडली की ते तिचं छत काढायच्या मागं लागायचे.

आता यातली वाईट वाटणारी गोष्ट सांगतो. हेरल्डचं छत बोल्टवर असतं. त्या काळात ट्रायम्फला बॉडी पुरवणारी कंपनी दुसऱ्या मोठ्या मोटार कंपनीनं विकत घेतली, मग अखंड बॉडी मिळेना, म्हणून यांनी चासी वेगळी ठेवली आणि बॉडी तुकड्या-तुकड्यांत करून बोल्टनं जोडली. म्हणूनच इंग्लंडमध्ये त्याच गाडीची बंद छताची सलून, आखूड छताची कूपे, छत उघडणारी कन्व्हर्टिबल सगळं निघालं. म्हणजे बोल्ट काढले असते तर छत आख्खं उतरलं असतं आणि आज परत बसवता आलं असतं. माझ्या गाडीचं छत कुणीतरी गॅस कटरनं कापलेलं. पुढच्या काचेची फ्रेम उष्णतेनं वाकलेली, मागच्या मडगार्डवर फायबरच्या कमानी रिव्हेट मारून बसवलेल्या, त्यात रुंद टायर, आणि इंजिन फिएटचं. एका ठिकाणी लांबी (खड्डे बुजवायचा लेप) खरवडली तर बोटभर जाड निघाली आणि खाली पत्राच नव्हता.

अशी गाडी कुठल्या 'ओरिजिनल'कडं परत न्यायची हे मला त्या वाचकांना विचारायचंय. छत नाही, पुढची जाळी नाही, बंपर नाहीत, मूळ इंजिन नाही. इंग्लंडहून सामान मागवता येतं हे मला माहितीय, पण सगळं बाहेरून आणून जोडलं तर तीही नवीच गाडी झाली ना, फक्त जुनी दिसणारी. माझ्यापुढं दोनच रस्ते होते, भंगारवाला नाहीतर जे उरलंय त्याला धरून चांगली बॉडी करणं.

मी दुसरा धरला. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात सत्तरीला आलेले एक पत्र्याचे मिस्त्री आहेत, त्यांनी वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीनं मागचा सगळा भाग हातानं ठोकून काढला, २० गेजचा पत्रा, साचा नाही काही नाही, पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, लावून बघायचा, परत कापायचा, असं आठ महिने चाललं. मागची सीट काढून तिथं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण केलं. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकाला टेकलं आणि त्यात पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम झिजून खाल्लं जातं, म्हणून मधे सगळीकडं रबर घातलं, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. फायबरच्या कमानी काढल्या तर खाली ओल धरून सगळा गंज. रुंद टायर पण काढले, परत मूळ मापाची १३ इंची चाकं लावली, कारण या गाडीचा मागचा एक्सल असा आहे की जोरात वळताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. तिथं दिसायला रुबाब म्हणून काहीबाही करणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि एक नियम पहिल्या दिवसापासून पाळला, चासीला कटर लावायचा नाही. कुजलेल्या आडव्या पट्ट्या बदलल्या, तेवढंच. आम्ही केलेलं सगळं बोल्टवर आहे, उद्या कुणाला अख्खी बॉडी मिळाली तर माझी उतरवून ती चढवता येईल. काय काय बदललं ते फोटोसकट वहीत लिहून ठेवलंय.

आता अडचण. २०२१ च्या केंद्राच्या व्हिंटेज नियमात ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, २० हजार फी, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको अशी अट. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही. हेतू बरोबरच आहे, नवीन गाड्यांवर लोक काय काय करतात ते रोज दिसतं. पण माझ्या जन्माआधी कुणीतरी कापलेली गाडी त्यात कुठं बसवायची? ती आज शेडमध्ये उभी आहे. दर रविवारी चालू करतो, अंगणात एक चक्कर मारतो, माझी मुलगी शेजारी बसते, गेटपर्यंत जातो आणि परत आत. असल्या गाड्यांची ब्रेक, स्टीअरिंग, वेल्डिंग सगळी कडक तपासणी करा, आरसीवर 'बॉडी बदललेली' असं स्पष्ट लिहा, वर्षातून मोजके दिवस रस्त्यावर येऊ द्या, एवढंच मागणं आहे. आणि रॅलीवाल्यांनी वेगळी रांग करावी, समोर पाटी लावावी, मूळ काय आणि नवीन काय. आमची लपवायची इच्छाच नाही.

पण ज्यांची हेरल्ड अजून अख्खी आहे त्यांना हात जोडून सांगतो, तिला हात लावू नका, रंग उडालेला असला तरी राहू दे. माझी गाडी बघून दोन पोरं विचारायला आली की आमचीही अशी करून द्या, मी सरळ नाही म्हणालो. त्यातल्या एकाची गाडी छतासकट शाबूत आहे, फक्त पुढची जाळी आणि डाव्या दाराची काच गेलीय. तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, गोडाऊनमध्ये दोन दारांच्या हेरल्डचं हे सामान पडलं असेल तर भंगारात घालू नका, तुमच्या कार्यालयामार्फत कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि त्या पोराला पोचवीन.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर