सेवा क्लबांचे बदल अर्ज वेळेत निकाली काढावेत : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

तालुक्याच्या गावातील एका लायन्स क्लबच्या नोंदणीकृत न्यासाचा मी खजिनदार आहे. आमच्यासारख्या क्लबांकडे जमलेला पैसा गरजूपर्यंत पोहोचण्याआधी कोठे अडतो, हे आपल्या कानावर घालावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे मोठ्या कंपन्यांचा निधी येत नाही. दिवाळीत फराळ विकून, पेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरून, कोणाच्या वर्षश्राद्धाच्या तर कोणाच्या साठीच्या निमित्ताने मिळालेल्या देणग्यांतून आमचे मोतीबिंदूचे शिबिर होते आणि रुग्णांना अनामत घेऊन वापरायला द्यायच्या वॉकर, व्हीलचेअर येतात. सभासदांची वर्गणी प्रशासकीय खात्यात आणि लोकांचा पैसा सेवा खात्यात, असे लायन्स क्लबांना वेगळे ठेवावे लागते. सभेच्या चहाचा खर्चसुद्धा सेवा खात्यात टाकता येत नाही. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्याच भरवशावर मी लोकांसमोर हात पसरू शकतो.

एक निवृत्त शिक्षिका दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात यजमानांच्या स्मरणार्थ ५,००० रुपयांचा धनादेश घेऊन माझ्या दुकानात येतात. पावतीवर ‘मुलींच्या सायकलींसाठी’ असे लिहून घेतात, चष्मा लावून ते वाचतात आणि मगच पावती पिशवीत ठेवतात.

गेल्या वर्षी तो पैसा वेळेवर खर्च करता आला नाही. आमचे पदाधिकारी दरवर्षी १ जुलैला बदलतात आणि न्यासपत्रानुसार तेच विश्वस्त होतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार हा बदल ९० दिवसांच्या आत ‘बदल अर्ज’ करून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावा लागतो, आणि आम्ही तो कळवतो. मात्र काही वर्षांपूर्वीच्या एका बदल अर्जाला आमच्याच हातून एका विश्वस्ताचे संमतिपत्र जोडायचे राहिले; तो अर्ज प्रलंबित राहिला आणि त्यामागचे सगळे अर्ज त्याच्यापाशी अडकले. परिशिष्टावर, म्हणजे त्या कार्यालयातील आमच्या न्यासाच्या नोंदीवर, अजून जुनीच विश्वस्तांची नावे आहेत. त्यांतील एक गृहस्थ वारले, दुसरे मुलाकडे परगावी राहायला गेले. बँकेने त्या नोंदीचा नव्या नावांसह उतारा मागितला, तो आमच्यापाशी नव्हता, आणि खात्यावरचे व्यवहार थांबले. शाळा जूनमध्ये उघडली, सायकली दिवाळीनंतर मिळाल्या. मधल्या काळात बाई दोनदा चौकशीला आल्या, तेव्हा मान वर करून त्यांच्याशी बोलणे मला जमले नाही.

कायद्यात यावर उपाय नाही असे नाही. २०१७ च्या दुरुस्तीने विश्वस्तांच्या नावांतील बदल तात्पुरता स्वीकारून मग हरकती मागवण्याची तरतूद केली आहे. जेथे वाद नाही, स्थावर मालमत्ता नाही आणि लेखापरीक्षण अहवाल दरवर्षी दाखल झालेला आहे, अशा न्यासांच्या वार्षिक बदलांना ही तरतूद सरसकट लागू करण्याच्या सूचना आपण द्याव्यात, आणि जुना अर्ज प्रलंबित आहे एवढ्याच कारणाने नवा अडकू नये. तात्पुरत्या स्वीकाराचा आदेश बँकांनी खाते चालवण्यापुरता ग्राह्य धरावा, हा विषय आपल्या विभागाने राज्यस्तरीय बँकर्स समितीपुढेही मांडावा, ही विनंती.

आमच्या हिशेबाची तपासणी सैल करावी, असे मी मुळीच म्हणत नाही. ती अधिक कडक झाली तरी चालेल. २,००० रुपयांवरची देणगी आम्ही आजही रोखीने घेत नाही आणि प्रत्येक पावतीची स्थळप्रत जपून ठेवतो. येत्या १ जुलैला आमचे नवे पदाधिकारी सूत्रे हाती घेतील. त्याआधी या सूचना निघाल्या, तर पुढच्या सायकली शाळा उघडताच देता येतील.

आपला नम्र,
एका सेवा क्लबचा खजिनदार