शंभर गाड्यांची कहाणी

महोदय,

'दुर्मीळ स्पोर्ट्‌स कार' म्हटले की चर्चा इटलीच्या नामांकित कंपन्यांभोवतीच फिरत राहते. म्हणून इंग्लंडच्या गॉर्डन-कीबल या छोट्या कंपनीची आठवण करून द्यावीशी वाटते. जॉन गॉर्डन आणि जिम कीबल यांनी अमेरिकी शेव्हरोलेचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन, चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि बर्टोने या गाड्यांच्या बॉडी घडवणाऱ्या इटालियन कंपनीकडे काम करणाऱ्या जुजारो या तरुण रचनाकाराने रेखाटलेली देहयष्टी यांचा मेळ घालून बनवलेला नमुना १९६० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडला, आणि १९६४ मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टली येथे फायबरग्लासच्या बॉडीसह प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. ५.४ लिटरच्या इंजिनाची ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. बोधचिन्ह मात्र कासवाचे! छायाचित्रणाच्या वेळी एक कासव गाडीसमोर आले आणि तेच चिन्ह झाले, असे सांगतात.

गाडीत खोट नव्हती, हिशेबात होती. विक्रीची किंमत फारच कमी ठेवलेली, त्यात पुरवठादाराकडच्या संपामुळे स्टिअरिंगचे सुटे भाग अडकलेले; त्यामुळे अर्धवट गाड्या उभ्या राहिल्या आणि पैसा आटला. नव्या मालकांनी थोडी धुगधुगी आणली, तरी १९६६ पर्यंत ९९ गाड्यांवर काम थांबले. शंभरावी गाडी नंतर उरलेल्या भागांतून जुळवली गेली. त्यांतील नव्वदहून अधिक आजही शाबूत आहेत, याचे बरेचसे श्रेय मी न गंजणाऱ्या फायबरग्लासला देईन.

आपला,
एक वाचक