वाडग्याच्या ठोकळ्याला बारीक दात्यांचं पातं नको

महोदय,

आपल्या पुरवणीत लेथवर लाकडी वाडगे कातण्यावर आलेला लेख आवडीने वाचला. मात्र बँडसॉवर, म्हणजे पट्टीसारखं अखंड पातं फिरवणाऱ्या करवत यंत्रावर, ठोकळा गोल कापून घेताना 'बँडसॉला बारीक दात्यांचं पातं लावा, काप गुळगुळीत येतो' हा त्यातला सल्ला नवशिक्याला अडचणीत आणणारा आहे.

मी कातकाम करतो, ठोकळेही स्वतःच कापतो. कड गुळगुळीत आली तरी उपयोग काय? लेथवर गाऊज, म्हणजे पन्हळीसारखी खोलगट पटाशी, लागला की पहिल्या काही मिनिटांत तीच कड भुशात जमा होते.

खरा प्रश्न जाडीचा आणि ओलाव्याचा आहे. वाडग्याचा ठोकळा चार-सहा इंच जाड असतो, बहुतेक वेळा ओलाही. इंचाला १० दाते असलेलं पातं सहा इंची लाकडात गेलं की एका वेळी ६० दाते आत असतात. दोन दात्यांमधली खाच इवलीशी. ओल्या भुशाने ती वाटेतच गच्च भरते. मग दाता कापायचा थांबतो आणि नुसता घासतो. पातं तापतं, लाकूड करपतं, माणूस आणखी जोर लावतो आणि पातं आतल्या आत वाकतं. वरून रेघेवर दिसणारा काप मधे फुगीर निघतो तो यामुळेच. इंचाला ३ दाते असले तर त्याच लाकडात १८ दाते राहतात आणि खाचेतला भुसा बाहेर पडेपर्यंत मावतो. दाते स्किप (मधला एकेक दाता गाळलेले) किंवा हुक (पुढे झुकलेले) पद्धतीचे घ्यावेत. टणक लाकडाला मी हुकच लावतो, कारण पुढे झुकलेला दाता लाकडात लगेच शिरतो. दाते डावी-उजवीकडे चांगले फाकवलेलेही हवेत. ओले तंतू कापल्यावर फुगतात आणि अरुंद कापात पातं धरून ठेवतात.

रुंदी वळणावर ठरते. चार सूत, म्हणजे अर्धा इंच रुंद पातं साधारण अडीच इंच त्रिज्येचं वळण घेतं. दहा इंची वाडग्याला ते सहज पुरतं. लहान वाट्यांसाठी तीन सुती घ्यावं, ते दीड इंच त्रिज्येपर्यंत वळतं. दोन सुती पातं जाड लाकडात भरकटतं; या कामाला मी ते लावत नाही.

महागड्या पात्याचा आग्रहही नको. सालीत अडकलेली माती आणि वाळू कुठल्याही पात्याची धार घालवते. साल आधी तासून काढली तर साधं कार्बन पोलादाचं पातं छान चालतं. काम संपल्यावर त्यावरचा चीक पुसून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर ते गंजतं.

सर्वांत महत्त्वाचं लेखात आलंच नाही. गोल ओंडका तसाच टेबलावर आडवा ठेवून कधीही कापू नये. दाते त्याला खाली ओढतात, ओंडका गर्रकन फिरतो आणि धरणारा हात पात्याकडे खेचला जातो. आधी एक बाजू सपाट करून तीच टेबलावर टेकवावी. पात्याला आधार देणारा वरचा गाईड लाकडापासून जेमतेम पाव इंच वर ठेवावा.

लेख वाचून कुणी बारीक दात्यांचं पातं आणायला निघण्याआधी ही दुरुस्ती, निदान ओंडक्याबद्दलची सूचना तरी, पुढच्याच अंकात छापावी ही विनंती.

आपला,
एक कातकाम करणारा वाचक